एकवीरेला निघालो, ठाकुर्लीच्या गॅरेजपर्यंत पोचलो

डोंबिवलीहून कार्ल्याच्या एकवीरेला गाडीने कसं जायचं, घाटात किती वेळ लागतो, तान्हं बाळ घेऊन पायऱ्या कशा चढायच्या, हे शोधत तुम्ही इथे आला असाल तर आधीच सांगून टाकतो. मी कार्ल्याला पोचलोच नाही. मी पोचलो ठाकुर्लीला. आमच्या घरापासून रिक्षाने जाता येतं एवढ्या अंतरावर, आणि त्यासाठी कच्छहून आलेलो. तरी वाचा. ज्यांच्या घरात जुनी गाडी आहे आणि ती कोणालाही हात लावू न देणारा बाप आहे, त्यांनी तर वाचाच.

मी कच्छमध्ये मुंद्रा बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवतो. घर डोंबिवली पश्चिमेला, मोठागावात, खाडीच्या कडेला. आम्ही कोळी. घरात पहिलं बाळ आलं की एकवीरा आईच्या पायावर नेऊन घालायचं, आणि आमच्या घरची रीत अशी की बाळाला पायऱ्या मामाने चढवायच्या. ताईला मुलगी झाली. ताई ठाण्याला चेंदणीत दिलेली. बाबांचा फोन आला, "रविवारी जायचं. मामा पायजे. ये." सुट्टी मिळेल का, तिकीट मिळेल का, काही विचारायचं नाही. ये. साहेबाच्या मागे लागून लागून सुट्टी काढली आणि निघालो.

गांधीधामहून ट्रेन पकडून वसईला उतरलो, तिथून एसटीने घोडबंदरमार्गे ठाण्याला. कोणाला हा मार्ग घ्यायचा असेल तर दुपारी घ्या. संध्याकाळी घोडबंदरला एसटीत बसलात तर उतरेपर्यंत केस पांढरे होतील. खोपटच्या डेपोबाहेर वडापाव गरम मिळतो, पण सुकी चटणी मागून घ्यावी लागते, आपणहून देत नाहीत.

बाबा न्यायला आलेले. आमची गाडी म्हणजे जुनी पांढरी मोठी गाडी, शेवटची सीट काढून टाकलेली, कारण तिथे मासळीचे थर्माकोलचे डबे बसतात. पूर्वी बाबांची खाडीत होडी होती. आता खाडीत मासळी कुठली, म्हणून पहाटे ससून डॉकवरून माल आणतात आणि आत्या तो कल्याणच्या बाजारात विकते. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आमच्याच घरात राहते.

मी पुढे बसायला गेलो.

"मागं बस. उजवीकरं."

आमच्याकडची जुनी माणसं असंच बोलतात. डावीकडं म्हणजे डावीकरं, गाडी म्हणजे गारी.

"पुढची सीट मोकळी आहे ना बाबा."

"मागं बस बोललो ना. उजवीकरं. बॅग पन उजवीकरं ठेव."

प्रवासात डोकं आंबलेलं, वाद कोण घालणार. बसलो उजवीकडे, बॅग मांडीवर घेऊन.

कळव्याचा पूल ओलांडेपर्यंत मला कळलं की गाडीत काहीतरी मेलंय. खड्डा आला की मागून डावीकडून खडाक. लहान खड्डा, लहान खडाक. मोठा खड्डा आला की हातोडीने डबा ठोकल्यासारखा आवाज.

"बाबा, काय वाजतंय?"

"रस्ता."

"रस्ता नाही, गाडी वाजतेय. डावीकडे मागे."

"मंग रस्ता डावीकरं खराब हाय."

आमच्या भागात राहणाऱ्या माणसाशी या विषयावर वाद घालताच येत नाही. कुठे खोदलंय, कुठे पेव्हर ब्लॉक उचकटलेत, कुठे पुलाचं काम म्हणून अर्धा रस्ता पत्रे लावून बंद. गाडीचा आवाज कुठला आणि रस्त्याचा कुठला, ते कान विसरून गेलेत. मुंब्रा बायपासला स्पीड ब्रेकर आला. आम्ही वर गेलो, खाली आलो, परत वर, परत खाली. रस्ता सपाट झाला तरी गाडीचं वरखाली चालूच. मला मळमळायला लागलं. आणि बाबा खूश.

"बघ कशी डुलतं. एकदम होरीसारखी. नवीन गाऱ्या कशा दगरासारख्या चालतात."

इथे मला पहिल्यांदा कळलं की माझ्यापुढे किती मोठा प्रश्न आहे. शॉक ॲब्सॉर्बर गेला की गाडी डुलते. जगातल्या सगळ्या माणसांना त्याचा त्रास होतो. एका माणसाला बरं वाटतं, कारण तो जन्मभर होडीत बसलाय, आणि तो माणूस माझा बाप आहे.

शिळफाट्याच्या पुढे त्यांनी क्षणभर हँडल सैल सोडलं तर गाडी डावीकडे निघाली. मी ओरडलो. ते म्हणाले, "आज वारा हाय." झाडाचं पान हलत नव्हतं.

"मोठागावचा नवा पूल झालाय ना? माणकोलीवरून आलो असतो तर कधीच घरी पोचलो असतो."

"मी नाय जात त्या पुलावरनं."

कंबर धरून बसलो.

शुक्रवारी सकाळी बाबा चहा पीत असताना मी अंगणात गाडीला हात घातला. तुमच्या गाडीची शंका असेल तर हे तुम्हीही करू शकता, काही शिकायला लागत नाही. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस आहे, मला जमतं. गाडी सपाट जागेवर उभी करायची. एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन दाबायचं आणि सोडायचं. चांगली गाडी वर येते आणि थांबते. आमची वर आली, खाली गेली, वर आली, शेजारचा कुत्रा येऊन बघून गेला तरी हलतच होती. मग खाली वाकून बघायचं. शॉक ॲब्सॉर्बरची नळी कोरडी पाहिजे. आमची तेलाने ओली, वर धुळीचा चिखल. मग टायरवरून हात फिरवायचा. पुढच्या डाव्या टायरची आतली कड घासून गुळगुळीत, बाहेरची कड नव्यासारखी. मागच्या बाजूला टायर आणि वरचा पत्रा यांच्यात उजवीकडे माझी मूठ आरामात गेली, डावीकडे बोटं जाईनात.

"बाबा, इकडे या. मूठ घालून बघा."

"मी कशाला घालू? तुझी मूठ, तू घाल."

"डावीकडची स्प्रिंग बसलीय. शॉक गेलाय. पुढच्या चाकातही काहीतरी ढिलं आहे. घाटात जाणार आहात तुम्ही. तान्हं पोर घेऊन."

"गारीला काय झायलं नाय. मागच्या शिमग्याला तो मेकॅनिक बोलला हे बदला ते बदला, मी काय नाय बदललं. चालतं ना गारी? रोज ससून डॉकला जातं ना?"

"टायर बघा ना आतून कसा खाल्लाय!"

"टायरवाले चोर हायत."

त्यांनी कप धुऊन ठेवला, चावी खिशात घातली आणि खाडीवर निघून गेले. मग मी डोकं लावलं. ठाण्याहून येताना त्यांच्या मागे बसून गाडीच्या आवाजाचा व्हिडिओ काढला होता, तो घेऊन ठाकुर्लीला गेलो. तिथे युसूफभाईंचं गॅरेज आहे, मी शाळा बुडवून तिथे बसायचो. युसूफभाईंनी फोन कानाला लावून दोनदा ऐकलं.

"काय वाटतं?"

"यात फक्त तुझा बाप ऐकू येतोय. 'फोन ठेव, फोन ठेव.' गाडी कुठंय?"

"चावी देत नाहीत."

"मग मी काय करू? मी काय आवाज ऐकून औषध देणारा वैद्य आहे? गाडी घेऊन ये, जॅकवर चढवतो, दोन मिनिटांत दाखवतो."

गाडी घेऊन ये! जसं काय मी ते विसरलो होतो.

रात्री जेवताना रविवारची बोलणी निघाली. पहाटे निघायचं, पनवेलवरून जुन्या रस्त्याने खोपोली, मग घाट. पनवेलला नाश्ता. आईने नारळ, ओटी, बाळाची झबली सगळं बांधून ठेवलेलं. मग बाबा सांगायला लागले, कोण कुठे बसणार.

"तू पुढं माझ्या बाजूला. जावई बाईकवरनं येतील. मागं आत्या उजवीकरं. आई मधी. ताई पोरीला घेऊन डावीकरं."

"एवढं काय ठरवायचं?" मी म्हटलं. "कोणीही कुठेही बसेल."

"तसं नाय चालत. भारी मानूस उजवीकरं, हलकी मानसं डावीकरं. नाय तं गारी कलतं."

होडी एका बाजूला कलायला लागली की माल दुसऱ्या बाजूला सरकवतात. गाडी डावीकडे कलायला लागली तेव्हा या माणसाने गॅरेजला नेली नाही. आत्याला उजवीकडे बसवलं. बर्फाचे डबे उजवीकडे. खोपटला मी, माझी बॅग, सगळं उजवीकडे. आणि आता मोडक्या चाकाच्या बरोबर वर, वजन सर्वांत कमी म्हणून, ताई आणि तिची पोरगी.

"ताई तिथे बसणार नाही," मी म्हणालो. "नाहीतर भाड्याची गाडी करू. पैसे मी देतो."

"आईच्या दर्शनाला भाड्याच्या गारीनं? माझं नातवंड?" बाबा उठलेच. "कच्छला जाऊन मोठा डायवर झायला हा."

मी रोज रस्त्यावर असतो. ट्रेलरच्या उंचीवरून लहान गाड्या खाली दिसतात, उतारावर ब्रेक मारताना त्यांची नाकं कशी खाली जातात ते दिसतं, आणि कधी कधी पुढचं चाक वाकडं होऊन रस्त्याच्या कडेला आडवी पडलेली गाडीही दिसते, बाजूला चपला, पिशव्या, बाहेर बसलेली माणसं. हे घरात कसं सांगायचं? सणाच्या तोंडावर अभद्र बोलतो म्हणतील. नुसतं घाटाचं नाव काढलं तर म्हटलंच आईने.

शनिवारी बाबा ठाण्याला ताईला आणायला निघाले. आत्या म्हणाली, पोरीला मी आणनार. मी पुढे बसलो. ठरवलेलं, काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही. बाबांनी सवयीने मागचं उजवं दार उघडून धरलं. आत्या गाडीला वळसा घालून डावीकडे जाऊन बसली.

"इकरं बस ना."

"नाय. रोज मना उजवीकरं बसवतंस. आज मना खिरकीतनं खारी बघाची हाय. पुलावरनं ने."

"पुलावरनं नाय."

"का नाय? दिवालीपासनं मी बोलतंय, सगली दुनिया त्या पुलावरनं जातं, मी नाय बघितला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जिथं याचं जालं लागायचं ना, तिथं खांब आला. म्हनून रुसलाय. म्हातारा झायला तरी रुसतं."

बाबांनी गाडी सुरू केली. बहिणीला ते नाही म्हणू शकत नाहीत, मलाच म्हणू शकतात. गाडी पुलाकडे वळली.

रेल्वे फाटकावर रुळांवरून जाताना दणादण आवाज झाला. "रस्ता," बाबा म्हणाले, कोणी विचारलं नसताना. मग आम्ही पुलावर चढलो.

वाचकांनो, हा पूल बघा. सकाळी बघा, भरतीच्या वेळी. दोन्ही बाजूंना खाडी, कांदळवन, लांब आमच्या गावातल्या उरलेल्या चार होड्या. आणि रस्ता असा की आमच्या भागात असा रस्ता असतो हे मला माहीतच नव्हतं. एक खड्डा नाही. खाली टायरचा बारीक आवाज तेवढा.

आणि त्यात, मागून, डावीकडून: टक. टक. टक.

मी गप्प. आयुष्यात एवढा गप्प मी कधी बसलो नसेन.

"कुठनं येतं आवाज?" बाबांनीच विचारलं.

मग उत्तरही त्यांनीच दिलं.

"खड्डे असतील."

"कुठं खड्डा?" आत्या म्हणाली. "मी खिरकीतनं बघतंय ना. ताटासारखा रस्ता हाय."

पुलाच्या जोडावरून चाक गेलं, गाडी खाली बसली आणि घर्रर्र करून टायर पत्र्याला घासला. जळक्या रबराचा वास आला. बाबांनी वेग कमी केला.

"तू जरा उजवीकरं सरक."

"नाय सरकत," आत्या म्हणाली. "माज्यामुलं कलतं का तुजी गारी? माजं वजन लग्नात होतं तवरंच हाय. गारी कलतं दिवालीपासनं. मी काय दिवालीपासनं जाडी झाले? बोल ना! बाजारात बायका इचारतात, मावशी, तुमी कायम त्याच खिरकीत का? मी काय सांगू, भावानं मना बर्फाच्या डब्यासारखी लावली हाय म्हनून?"

बाबा समोर बघत होते. पुढचा दिव्याचा खांब गेला, मग त्याच्या पुढचा. मग ते हळू म्हणाले, स्वतःशीच बोलल्यासारखे, "माल बरोबर लावला, तरी होरी कलली, तं..."

"तं आत पानी हाय," आत्या म्हणाली. "बानं शिकवलंय ना आपल्याला. मंग माल नाय हलवायचा. बूड बघायचं."

पूल संपला. माणकोलीच्या बाजूला रस्ता रुंद होतो तिथे बाबांनी गाडी कडेला घेतली. उतरले. मागच्या डाव्या चाकापाशी गुडघ्यावर बसले आणि टायर आणि पत्र्याच्या मध्ये हात घालायला गेले. हात आत जाईना. टायरला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं, एवढा तापलेला. ट्रक जात होते, धूळ उडत होती. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताईला फोन कर. सांग, बाबा उद्याच्याला नेत नाय."

मी जिंकलो होतो ना? मग ताईला फोन लावून मी आधी बाळाचीच चौकशी का करत बसलो?

"अरे मग तू आलास कशाला?" ताई म्हणाली. "मी पोरीला फ्रॉक शिवून घेतला!"

आम्ही रांगत रांगत ठाकुर्लीला आलो. युसूफभाईंनी गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं आणि स्प्रिंगच्या वेढ्यांमधून एक काळा तुकडा ओढून काढला. जाड, कापलेल्या टायरचा तुकडा.

"हे कोणी घातलं?"

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी छपराकडे बघितलं.

"याच्या होरीचा हाय," आत्या म्हणाली. "धक्क्याला होरी आपटू नये म्हनून बाजूला टांगायचा. मी ओलखलं."

"उंची आली ना त्यानं?" बाबा म्हणाले.

"उंची आली चाचा, स्प्रिंग कुठं आली?" युसूफभाईंनी स्प्रिंगचा खालचा वेढा हातात दिला. अख्खा तुटून सुटा झालेला, गंजून पापुद्रे निघालेले. मासळीच्या डब्यातलं बर्फाचं खारं पाणी, डबे डावीकडे असायचे तेव्हापासून, फटीतून नेमकं तिथेच गळत होतं. (मासळी वाहून नेणाऱ्यांनो, डब्याखाली खोल ट्रे ठेवा. फडकं ठेवू नका, फडकं पाणी धरून ठेवतं.) मग त्यांनी पुढचं डावं चाक वर आणि खाली धरून हलवलं. कटकट वाजलं. मला म्हणाले, हात लाव. चाक माझ्या हातात पडक्या दातासारखं हललं.

"बॉल जॉइंट," युसूफभाई म्हणाले. "चाक याच्यावर उभं असतं. उतारावर जोरात ब्रेक मारला असता तर चाक एकीकडे आणि गाडी दुसरीकडे."

बाबांनीही हात लावून बघितलं. दोनदा. मग बाकावर जाऊन बसले. आणि पाच मिनिटांनी, मला वाटलं आता तरी हा माणूस शांत बसेल, तर युसूफभाईंना सांगायला लागले की पाना उलटा धरलाय.

स्प्रिंगा आणि शॉक जोडीने बदलतात. एकच बदलला तर गाडी दुसरीकडे कलते आणि परत आत्याला उचलून इकडे बसवायची वेळ येते. शिवाय बॉल जॉइंटसकट पुढचं चाक धरणारा लोअर आर्म, आणि सगळं झाल्यावर चाकांचं अलाइनमेंट, नाहीतर नवा टायरही तसाच खाल्ला जातो. सामान सोमवारी येणार, रविवारी दुकान बंद. माझी ट्रेन रविवारची. भाड्याच्या गाडीचं मी परत काढलं, तर बाबा, आई, आत्या, तिघंही एकदम "नाय" म्हणाले. या एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत. रविवारी मी रिक्षाने स्टेशनला गेलो. एकवीरेला जायला आलेला मामा बाळाचं तोंडही न बघता परत. ताई अजून नीट बोलत नाही.

पुढच्या रविवारी ते गेले. घाटात काही झालं नाही, वर दर्शन झालं, पोरीने फ्रॉकवर ओकी काढली. पायऱ्या आत्याने चढवल्या, आणि वर जाऊन भेटेल त्याला सांगितलं की मामा कच्छला मजा मारतोय. मला फोटो आला. पायथ्याशी गाडी, सरळ उभी, चारी चाकांवर सारखी. डाव्या खिडकीत आत्या, उजव्या खिडकीत ताई, कडेवर पोरगी. खोलीवर झोपताना तो फोटो मी बघतो. मी नाही त्यात, याचा राग येतो. मग चाक हातात हललेलं आठवतं, आणि राग जातो असं नाही, पण झोप लागते.

परवा बाबांचा फोन आला. मी मिठागरांच्या बाजूच्या रस्त्याने रिकामा ट्रेलर यार्डात आणत होतो, फोन समोर स्पीकरवर.

"गारी आवाजच करत नाय रं," ते कुरकुरत होते. "मना झोप येतं चालवताना. आनि डुलत पन नाय." मग मध्येच थांबले. "तुजा कसला आवाज येतं?"

"कुठला?"

"खटखट. मागनं."

"ते काही नाही बाबा. इकडचा रस्ता खराब आहे."



"उतर," बाबा म्हणाले. "खाली वाकून बघ. मी फोन ठेवत नाय."

च्यायला, म्हटलं, आणि कडेला घेऊन उतरलो. मागच्या डाव्या बाजूच्या स्प्रिंगचा एक पाटा मधोमध तुटलेला होता.